फर्नेसची ‘खरी किंमत १२०० डॉलर’ नव्हे

थंडी पडायला लागली की अमेरिकेतल्या मराठी घरांच्या फोनवर एक निरोप हमखास फिरायला लागतो. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. या हिवाळ्यात तो मला चार जणांकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. फर्नेसचा, म्हणजे गॅस जाळून घर तापवणाऱ्या यंत्राचा, डबा ऑनलाइन १२०० डॉलरला मिळतो आणि बसवायला चार तास लागतात, म्हणजे २००० च्या वर मागणारा प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर लुटतोय. ९६ टक्केवाला, म्हणजे जाळलेल्या गॅसची ९६ टक्के ऊब घरात देणारा, घेतला की गॅसचं बिल निम्म्यावर येतं. घ्यायचाच तर मोठ्यातला मोठा घ्या. ‘हीट एक्सचेंजरला (आतल्या धुराच्या नळ्यांना) तडा गेलाय’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, ती थाप असते. आणि शेवटी, सरकार ३० टक्के परत देतं.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. या धंद्यात घाबरवून माल गळ्यात मारणारे आहेत, ते मीही पाहिलेत. पण या निरोपातला एक मुद्दा घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतो, आणि बाकीचे खिशाला महाग पडतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

आधी १२०० डॉलर. डबा त्या किमतीला दिसतो, हे खरं आहे. पण आपण डबा विकत घेत नाही. त्या डब्यातून आपल्या घरातल्या डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या नळांमध्ये, गरम हवा नीट जावी आणि जळालेला गॅस नीट बाहेर पडावा, हे काम विकत घेतो.

२०२४ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आसपास, पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला तेव्हा आमचा फर्नेस बंद पडला. आई-बाबा साताऱ्याहून आलेले. स्वयंपाकघरात आई तिळगुळाचा पाक करत होती आणि खाली बेसमेंटमध्ये फर्नेस नुसता घुरघुरत होता. इंड्यूसरची, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याची, मोटर सुरू व्हायची, अडखळायची, बंद पडायची आणि पुढच्या झाकणातल्या छोट्या काचेतून कंट्रोल बोर्डाचा दिवा तीनदा लुकलुकायचा. १९९६ चा फर्नेस होता. दोन छोटे हीटर लावून रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले.

तिघांचे आकडे आले ४६००, ७२०० आणि ११,४०० डॉलर. निरोप आधी वाचला असता तर तिन्ही लुटारू वाटले असते. पण कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा कळलं की ही तीन वेगळ्या कामांची कोटेशनं आहेत. पहिल्यात होता ८० टक्केवाला, जुन्याच मापाचा. जुनी चिमणी तशीच, परमिट नाही. दुसऱ्यात ९६ टक्केवाला, कमी मापाचा, नवे पीव्हीसी पाइप, पाण्याच्या निचऱ्याचा पंप, चिमणीत लायनर (आतून सोडलेला बारीक पाइप), परमिट. तिसऱ्यात दुसऱ्यातलं सगळं, शिवाय नवा एसी, त्याची कॉइल आणि हवा शुद्ध करणारा निळा दिवा. एसी आमचा चांगला चालत होता. तो आणि दिवा वजा करायला सांगितल्यावर तिसरा आकडा दुसऱ्याच्या जवळ येऊन बसला.

आम्ही दुसरं घेतलं. दोन माणसं सकाळी आठला आली आणि संध्याकाळी पाचला गेली. मी बहुतेक वेळ जिन्यावर बसून बघत होतो. नवा फर्नेस जुन्यापेक्षा बुटका आणि अरुंद, त्यामुळे वरचा पत्र्याचा जोड तिथेच मापून, कापून, वाकवून बनवला आणि सांधे मॅस्टिक नावाच्या लेपाने लिंपले. घराच्या कडेच्या लाकडात दोन भोकं पाडून पीव्हीसीचे पाइप बाहेर नेले. त्यांना दर फुटामागे पाव इंच उतार फर्नेसकडे दिला, कारण धुरातली वाफ पाइपात पाणी होते आणि ते पाणी परत येऊन निचऱ्यात जायला हवं. उतार उलटा पडला तर पाणी पाइपात साचतं आणि कडक थंडीत बाहेरच्या तोंडाशी गोठतं. गॅसच्या नव्या जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून बर्नरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब साडेतीन इंचांवर (पाण्याच्या स्तंभाच्या) आणला, आणि शेवटी धुराच्या पाइपात मोजणीची सळई घालून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोजला. हे सगळं १२०० मध्ये नसतं. मी विचारल्यावर त्या कॉन्ट्रॅक्टरने स्वच्छ सांगितलं, की ७२०० मधला साधारण तिसरा हिस्सा सामानाचा. बाकी मजुरी, चिमणी, परमिट, विमा, गाडी आणि त्याचा नफा. नफा आहेच. पण ‘बाकी सगळी लूट’ हे खोटं आहे.

डबा स्वतः आणून ओळखीच्या माणसाकडून बसवून घेण्याबद्दलही निरोपात एक ओळ आहे. वॉरंटीचा कागद वाचा. बहुतेक उत्पादक सुट्या भागांची दहा वर्षांची वॉरंटी देतात, पण साठ किंवा नव्वद दिवसांत नोंदणी केली तरच. नाहीतर ती पाचवर येते. परवानाधारकाने बसवलेला नसेल किंवा ऑनलाइन घेतलेला असेल, तर अनेक जण ती मुळात मानतच नाहीत. आणि मजुरीची वॉरंटी बसवणारा देतो. तो जर ‘ओळखीचा माणूस’ असेल, तर पुढच्या जानेवारीत रात्री दहाला तो फोन उचलेल का, एवढं स्वतःला विचारून पाहा.

आता ‘बिल निम्म्यावर’. हा हिशेब कुणीही पाटीवर करू शकतो. ८० टक्केवाल्या फर्नेसमध्ये १०० डॉलरचा गॅस जाळला की ८० डॉलरची ऊब घरात येते, २० डॉलरची चिमणीतून जाते. तेवढीच ८० डॉलरची ऊब ९६ टक्केवाल्याकडून घ्यायला सुमारे ८३ डॉलरचा गॅस लागतो. वाचले १७. हिवाळाभर घर तापवायला ९०० डॉलरचा गॅस लागत असेल तर वर्षाला दीडशे डॉलर वाचतील. दोन कोटेशनांत २००० चा फरक असेल तर तो वसूल व्हायला तेरा वर्षं. बिलातला स्थिर आकार, शेगडीचा गॅस, अंघोळीच्या पाण्याचा गॅस हे तर तसूभरही कमी होत नाहीत. हां, कुणाकडे सत्तरच्या दशकातला, सतत पायलट ज्योत जळणारा फर्नेस असेल तर फरक बराच मोठा पडतो. पण तसे आता फार घरांत उरलेले नाहीत.

मग आम्ही ९६ टक्केवाला का घेतला? अजून वीस वर्षं इथेच राहायचं आहे म्हणून. शिवाय तो बर्नरसाठी हवा बाहेरून घेतो, घरातली तापलेली हवा ओढत नाही. पाचेक वर्षांत घर विकणाऱ्याने ८० टक्केवाला घेतला तर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत तो अजून मिळतो. २०२३ मध्ये ठरलेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे डिसेंबर २०२८ पासून ९५ टक्क्यांची अट यायची आहे. कॅनडात ती २०१९ पासूनच आहे. त्यामुळे टोरांटोकडच्या मंडळींनी हा निरोप वाचून ‘स्वस्तातला ८० वाला’ शोधत बसू नये.

या बदलात एक खर्च असा आहे की तो कोटेशनात दिसला की लोक चिडतात, आणि खरं तर तो दिसला नाही तर चिडायला हवं. जुना फर्नेस आणि पाणी तापवायचा टँक बहुतेक घरांत एकाच चिमणीत धूर सोडतात. नवा फर्नेस पीव्हीसीतून बाजूने बाहेर पडला की त्या रुंद चिमणीत टँक एकटा राहतो. त्याच्या एवढ्याशा धुराने चिमणी तापत नाही. वाफ आतल्या आत पाणी होऊन विटा खाते, आणि ओढ कमी पडली की धूर उलटा बेसमेंटमध्ये येतो. म्हणून चिमणीत बारीक धातूचा पाइप, म्हणजे लायनर, सोडतात. आमच्या कोटेशनात त्याचे ९५० डॉलर होते. ९६ टक्केवाल्याचं कोटेशन स्वस्त दिसलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, की टँकच्या धुराचं काय केलंत?

‘मोठ्यातला मोठा घ्या’ हा सल्ला आपल्या मनाला पटतो. पाहुणे आले तर चार पोळ्या जास्तच असाव्यात, तसं. फर्नेसला ते लागू नाही. आमचा जुना एक लाख बीटीयूचा होता (बीटीयू हे ऊब मोजायचं एकक, इथले आकडे तासाचे). ८० टक्क्यांनी ८० हजार बीटीयू ऊब द्यायचा. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने टेप घेऊन खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढून इन्सुलेशन बघितलं, आणि मॅन्युअल जे नावाच्या पद्धतीने गणित मांडलं. घराची गरज निघाली ४८ हजारांची. म्हणजे गेली कित्येक वर्षं तो दहा मिनिटं धडधडून तापवायचा आणि बंद व्हायचा, पुन्हा दहा मिनिटांनी तेच. वरच्या खोल्या गार, हॉल तापलेला, आणि दर चालू-बंदला धातूचं प्रसरण-आकुंचन. नवा ६० हजारांचा आहे. ९६ टक्क्यांनी ५७,६०० देतो. कडाक्याच्या थंडीत तो जवळजवळ सलग चालतो, बाबांना पहिल्या रात्री वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नव्हतं, योग्य मापाचा फर्नेस असाच चालतो. ज्याने घर न मोजता नुसती जुन्या डब्यावरची पट्टी वाचून आकडा दिला, त्याने अंदाज दिलाय.

आता ज्या मुद्द्यासाठी मी लिहायला बसलो तो. ‘हीट एक्सचेंजरला तडा म्हणजे थाप.’

हीट एक्सचेंजर म्हणजे पोलादाच्या पातळ नळ्या. आतून ज्योत आणि धूर जातो, बाहेरून पंखा घरातली हवा फिरवतो. दोन्हींच्या मध्ये तेवढाच पत्रा. वीस-पंचवीस हिवाळे तापून-निवून त्याला तडा जाऊ शकतो. मग पंखा सुरू झाला की हवा आत घुसून ज्योत विस्कटते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्रत्येक तड्याने घर विषारी होतं असं नाही. पण कोणता होईल हे तुम्हाला-मला वरून बघून सांगता येत नाही, म्हणूनच गॅस कंपनीला असा तडा दिसला तर ती लाल चिठ्ठी लावून फर्नेस बंद करते.

‘अलार्म आहे की’ असं उत्तर मला दोघांनी दिलं. अलार्म हवाच. इलिनॉयमध्ये २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत तो असावा असा कायदाच आहे. पण घरगुती अलार्मचा निकष काय आहे ते बघा. ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असताना, तो एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो. त्याच्या खाली, ३०-४० पीपीएमला, तो दिवसभर गप्प राहू शकतो. त्या घरात डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना आपण ‘हवा मानवली नाही’ म्हणून पॅरासिटामॉल देतो. अलार्मलाही आयुष्य असतं, पाच ते दहा वर्षांचं. मागे तारीख छापलेली असते. आज काढून बघा.

तरीही खोटं सांगणारे असतात, हे निरोपातलं खरं आहे. ते ओळखायचे कसे? दारातून परत पाठवून नाही, पुरावा मागून. आतला कॅमेऱ्याचा फोटो दाखवा म्हणा, तुमच्याच फर्नेसचा, तुमच्यासमोर काढलेला. धुरात कार्बन मोनॉक्साइड किती पीपीएम आहे ते मोजून लिहून द्या म्हणा. काचेतून ज्योत बघा. पंखा सुरू झाल्याच्या क्षणी ती डोलायला, पिवळी पडायला लागली तर संशयाला जागा आहे. दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा आणि पहिल्याने काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका. तोवर फर्नेस बंद ठेवा.

आणि सिरियल नंबर टिपून उत्पादकाला फोन करा. हीट एक्सचेंजरवर बहुतेकांची वीस वर्षांची किंवा आयुष्यभराची वॉरंटी असते, बऱ्याचदा पहिल्या मालकापुरती. फर्नेस बारा वर्षांचा असेल तर भाग फुकट मिळून फक्त मजुरी पडू शकते. त्या वेळी नव्या फर्नेसचं कोटेशन पुढे करणारा माणूस ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही.

याच ओघात लहान दुरुस्त्यांबद्दल सांगतो. फर्नेस पेटतो आणि काही सेकंदांत विझतो, हे बऱ्याचदा फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत पेटली का ते ओळखणाऱ्या काडीवर, बसलेल्या थरामुळे होतं; तो काढून घासला की काम होतं. गच्च भरलेल्या फिल्टरनेही फर्नेस तापून स्वतःला बंद करतो. अशा वेळी कुणी थेट नवा घ्यायला सांगत असेल तर थांबा.

शेवटचा मुद्दा सरकारच्या ३० टक्क्यांचा. ती केंद्रीय करसवलत होती, पण फर्नेससाठी कमाल ६०० डॉलरची आणि तीही ९७ टक्के किंवा वरच्या मॉडेलांनाच. आमच्या ९६ वाल्याला ती मिळालीच नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या उपकरणांसाठी बंद झाली. स्थानिक गॅस कंपनीची सूट मात्र काही ठिकाणी असते. तिच्या वेबसाइटवर बघा, आणि बसवायच्या आधी बघा.

निरोप पुढे पाठवू नका असं मी म्हणत नाही, लोक पाठवणारच. पण तुमच्या घरी किंवा ज्यांना पाठवताय त्यांच्या घरी या हिवाळ्यात कुणाचे आई-वडील आलेले असतील, तर त्यातली तड्याची ओळ तेवढी खोडून पाठवा.