मेज अजून वेगळंच आहे
पाळकसाहेब, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचा कारभार मंडळीने निवडलेले वडील, म्हणजे एल्डर, कसा पाहतात, हे तुम्ही तुमच्या लेखात छान उलगडून सांगितलंत. पण कॅथलिकांशी आता फारसा फरक उरलेला नाही, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. माझं माहेर कॅथलिक, सासर पुण्याच्या नाना पेठेतलं प्रोटेस्टंट. तिथल्या कॅथलिक सिटी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाऊबाई हौसेने माझ्याबरोबर येतात, गायनंही म्हणतात. पण कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घेण्याची, रांग लागली की बाकावरच मान खाली घालून बसून राहतात. माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो, या जुन्या वादाच्या मुद्द्यावर लुथरन (हाही प्रोटेस्टंट पंथच) आणि कॅथलिकांचा संयुक्त जाहीरनामा १९९९ साली झाला, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही (प्रेस्बिटेरियन याच परंपरेतले) त्यात सामील झाल्या. तरी प्रभूचं मेज, म्हणजे हे प्रभुभोजन, वेगळंच राहिलं, आणि आमच्यासारख्या घरांत ते फार बोचतं. पुढच्या लेखात यावर जरूर लिहा.