सीपीके 1.33 ही निर्दोष मालाची हमी नव्हे

सीपीके म्हणजे बनणाऱ्या पार्टची मापे टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादांत, किती आरामात बसतात हे सांगणारा आकडा. ‘सीपीके 1.33 च्या वर गेला, की एकही पार्ट रिजेक्ट होत नाही. मग कंट्रोल चार्ट (वेळोवेळी घेतलेल्या मापांचा आलेख) बंद करा, आणि दोन मशीनचा सीपीके सारखा असेल तर दोन्ही सारख्याच समजा’ असा सल्ला क्वालिटीच्या वर्तुळात सर्रास दिला जातो. त्यातले एकही विधान टिकत नाही.

‘एकही नाही’ हे गणितातच बसत नाही. 1.33 याचा अर्थ जवळची टॉलरन्स मर्यादा सरासरीपासून चार सिग्मा (सिग्मा म्हणजे मापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन) दूर आहे, एवढाच. मापांचे वितरण नॉर्मल (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे, घंटेच्या आकाराचे) आणि सरासरी नेमकी मध्यावर असली, तरी दहा लाखांत सुमारे 63 पार्ट मर्यादेबाहेर जाणे अपेक्षित असते. रनआउटसारख्या (फिरताना पार्ट किती डगमगतो ते माप), शून्याखाली जाऊच न शकणाऱ्या मापांचे वितरण बहुधा एका बाजूला कललेले असते; तिथे हा हिशेबही लागू पडत नाही.

कंट्रोल चार्ट बंद करण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. शाफ्टचा व्यास 25.00 ± 0.04 मिमी, सरासरी 25.00 आणि सिग्मा 0.01 मिमी धरा. सीपी (सरासरी कुठे आहे हे न पाहता फक्त फैलावाची टॉलरन्सशी तुलना करणारा आकडा) आणि सीपीके दोन्ही 1.33 येतात. टूल झिजून सरासरी 25.02 वर सरकली, की सीपी तेवढाच राहतो, पण सीपीके 0.67 वर उतरतो आणि शंभरातले दोनहून अधिक शाफ्ट जाड निघतात. गेल्या महिन्याच्या अहवालातला 1.33 हे सरकणे दाखवणार नाही. ते चार्टवरच दिसते. मुळात प्रक्रिया स्थिर आहे हे चार्टने दाखवल्याशिवाय सीपीके काढण्यालाच अर्थ नसतो.

शिवाय तो 1.33 किती रीडिंगवरून आला, हे क्वचितच कोणी विचारते, आणि मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते. 30 पार्ट मोजून 1.33 मिळाला असेल, तर 95 टक्के विश्वासांतर (खरा सीपीके ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) साधारण 0.97 ते 1.69 इतके रुंद असते. म्हणजे खरी क्षमता एकच्या खालीही असू शकते.

राहिला दोन मशीनचा प्रश्न. वरच्या शाफ्टसाठी दुसऱ्या मशीनची सरासरी 25.02 आणि सिग्मा 0.005 मिमी असेल, तर तिचाही सीपीके 1.33 च येतो. मात्र तिचा सीपी 2.67 आहे. तिथे ऑफसेट (मशीनमधली टूलच्या जागेची सेटिंग) बदलून सरासरी मध्यावर आणली, की सीपीकेही 2.67 होतो. पहिल्या मशीनची सरासरी आधीच मध्यावर आहे. तिच्यात सुधारणा हवी असेल, तर स्पिंडल, फिक्श्चर किंवा कच्चा माल यांतून येणारा फरकच कमी करावा लागेल.