‘निव्वळ पैशाची रडगाणी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या पत्रव्यवहारावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतंच ‘तुम्ही’ म्हणते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जॉइसची संपादक-प्रकाशकांना लिहिलेली पत्रं म्हणजे ‘निव्वळ पैशाची रडगाणी’, त्यांत ‘वाङ्मयीन काही नाही’, त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी न झेपणाऱ्यांनी शोधलेली ही पळवाट, पत्रांच्या छापलेल्या खंडांत संपादकाची आवडनिवड शिरलेली, आणि मेलेल्या माणसाची खाजगी पत्रं छापणंच मुळात गैर.

मतभेद असू द्या, पण हा सूर कशासाठी? मला काय झेपलं आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी स्वतः उमेदीची वर्षं पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्यात घालवली. लेखकांच्या पत्रांच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. एक वाक्य शाबूत राहावं म्हणून माणूस किती विनवतो, किती भांडतो, हे मी पाहिलं आहे. त्याला रडगाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमची रेटली.

आता १९०६ साल बघा. लंडनच्या ग्रँट रिचर्ड्‌स या प्रकाशकाने ‘डब्लिनर्स’ हा जॉइसचा कथासंग्रह स्वीकारला होता. जॉइस चोवीस वर्षांचा, ट्रिएस्टमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरणारा. घरात जोडीदार नोरा आणि वर्षाचंही न झालेलं मूल. इंग्लंडच्या कायद्यात आक्षेपार्ह मजकुराबद्दल लेखक-प्रकाशकांइतकाच मुद्रकही गुन्हेगार ठरू शकत असे. मुद्रकाने ‘टू गॅलंट्‌स’ ही कथा छापायला नकार दिला, आणखी काही ओळींवर खुणा केल्या, आणि रिचर्ड्‌सने ते जॉइसला कळवलं. ज्याला फक्त पैसे हवेत तो काय करेल? ओळी काढून टाकेल आणि मोकळा होईल. जॉइसने उलट पत्रं लिहिली. जो शब्द इथे खटकतो तोच दुसऱ्या कथांत आहे, तिथे तुमच्या मुद्रकाने खूण का केली नाही, असा सवाल केला. एवढ्यावर न थांबता, ‘ॲन एन्काउंटर’ या कथेत याहून गंभीर गोष्ट आहे आणि ती मुद्रकाच्या लक्षातच आली नाही, हेही स्वतःहून दाखवून दिलं. झालं! रिचर्ड्‌सला तीही कथा नकोशी झाली. स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेणारी ही पत्रं आहेत, आणि आपलं पुस्तक कशासाठी आहे हे त्याने त्यांतच सर्वांत स्पष्ट मांडलं. डब्लिन हे त्याला जडत्वाचं केंद्र वाटत होतं. आपल्या लोकांना स्वच्छ पुसलेल्या आरशात स्वतःला पाहू न देणं म्हणजे आयर्लंडच्या प्रगतीला अडवणं, असं तो रिचर्ड्‌सला लिहितो. यात ‘वाङ्मयीन काही नाही’ म्हणता? मग वाङ्मयीन कशाला म्हणायचं?

शेवटी तो थोडा वाकला, काही शब्द गाळले, तरी त्याच वर्षी रिचर्ड्‌सने पुस्तक परत केलं. पुढे डब्लिनच्या मॉन्सेल प्रकाशनाने घेतलं आणि तिथेही तेच. ‘आयव्ही डे’ कथेतला सातव्या एडवर्डबद्दलचा परिच्छेद अडला, तेव्हा १९११ मध्ये जॉइसने थेट इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला पत्र घातलं, की तुमच्या वडिलांविषयीचा हा मजकूर तुम्हाला आक्षेपार्ह वाटतो का? अशा बाबतीत महाराज मत देत नाहीत, असं चिटणिसाने कळवलं. १९१२ मध्ये मुद्रकाने छापून तयार असलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील ताव, नष्ट केले. माझ्या वडिलांसारख्या माणसांनी एकेक खिळा लावून जुळवलेली पानं होती ती. मला ते वाचवत नाही.

आणि तुमचा लाडका मुद्दा, पैसा. १९१४ मध्ये रिचर्ड्‌सनेच अखेर पुस्तक काढलं, तेव्हाचा करार काय होता? पहिल्या ५०० प्रतींवर मानधन शून्य, वर १२० प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या. पैशासाठी रडणारा माणूस यावर सही करतो?

आपली आश्रयदात्री हॅरिएट शॉ वीव्हर हिच्याकडून त्याने पैसे घेतले, भरपूर घेतले. पण त्याच बाईंनी ‘फिनेगन्स वेक’ या त्याच्या शेवटच्या कादंबरीचं चालू लेखन आपल्याला रुचत नाही असं त्याला तोंडावर लिहिलं, आणि त्यानेही त्यांना सुरुवातीच्या मजकुरातला एकेक शब्द फोडून सांगणारं पत्र पाठवलं. आश्रयदात्री आणि लेखक एकमेकांशी इतकं खरं बोलतात, याचं मला फार मोल वाटतं.

संपादकांच्या निवडीबद्दल म्हणता ते मान्य. १९५७ चा स्टुअर्ट गिल्बर्टचा खंड आणि १९६६ चे रिचर्ड एलमनचे दोन खंड एका नजरेने केलेले नाहीत. खाजगीपणाचा प्रश्न नोराला लिहिलेल्या पत्रांपुरता खराही असेल, पण माझा लेख त्यांवर नव्हता. प्रकाशकाला लिहिलेलं व्यवहाराचं पत्र काही कपाटात लपवायची चीज नाही. त्यावर मी अधिक शब्द खर्च करणार नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा आधी १९०६ च्या मे-जूनमधली रिचर्ड्‌सला लिहिलेली पत्रं वाचा, आणि त्यांतलं रडगाणं नेमकं कुठलं ते तारखेसह दाखवा. नावही लिहा.