स्टॉलचे भाडे सोडा, पुढचे सहा महिने सांभाळा

गोव्यातल्या स्टार्टअपना सरकारी खर्चाने परदेशी प्रदर्शनांना न्यावे का, यावर गोव्यात दोन ठरलेली मते आहेत. एक म्हणते, ही मंत्री-अधिकाऱ्यांची सहल, त्यापेक्षा इथल्या मुलांना नोकऱ्या द्या. दुसरे म्हणते, गोव्याचे नाव जगात जायला हवे. लिस्बनहून पाहिले तर दोघेही विमानाच्या तिकिटापाशीच अडकलेले दिसतात.

वेब समिट हा तंत्रज्ञान-स्टार्टअपचा मोठा मेळावा 2016 पासून लिस्बनमध्ये भरतो, नोव्हेंबरात. नवख्या स्टार्टअपला तिथे मांडणीसाठी प्रदर्शनाच्या तीन दिवसांपैकी एकच दिवस मिळतो, जागा टेबलाएवढी. समोरून जाणारे बहुतेक इतर स्टार्टअपवालेच. खरा खरेदीदार हवा तर दीड-दोन महिने आधी मेल टाकून वेळ ठरवावी लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, अडले तर 45. आपल्याकडे निवड ऑक्टोबरात जाहीर झाली की पुढचे सगळे वरातीमागून घोडे. पोर्तुगालची वकिलात पणजीतच असूनही.

गोव्याच्या वेर्ण्यात तयार केलेले उपकरण सोबत असेल तर एटीए कार्नेट काढावे, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता नेऊन परत आणण्याचा कागद. भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते, आणि यादीत प्रत्येक नगाचा सीरियल नंबर लिहावा लागतो. युरोपातून निघताना कस्टम्सचा शिक्का राहिला, तर माल तिथेच विकला असे धरून शुल्काची मागणी येऊ शकते. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, 100 वॅट-तासांच्या आत. आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, हेही डेमोच्या दिवशी कळते.

एवढे करून खरेदीदार भेटला, की त्याचा पहिला प्रश्न: डेटा कुठे ठेवता? भारताला युरोपीय संघाची ‘पुरेशा संरक्षणा’ची मान्यता नाही, म्हणून युरोपियनांचा वैयक्तिक डेटा भारतात आणायचा तर बहुधा त्यांच्या प्रमाणित करारकलमांवर सही करावी लागते. इंटरनेटला जोडलेले वायफाय-ब्लूटूथ उपकरण असेल तर 1 ऑगस्ट 2025 पासून युरोपात विक्रीला लागणाऱ्या सीई चिन्हासाठी सायबरसुरक्षेच्या अटीही आहेत. सौदा रेंगाळत एप्रिलात पोचतो, आणि जीएसटीचे एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, 31 मार्चला संपलेले असते. नवे भरले नाही तर आयजीएसटी हा कर आधी भरा, मग परतावा मागत बसा. करार मोडतात ते बहुतेक इथे, आणि या टप्प्यासाठी अनुदान सहजी हाती लागत नाही. स्टॉलच्या भाड्याचे मात्र मिळते, तेही परताव्याने, म्हणजे आधी पदरमोड करून. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आयर्लंडची ‘एंटरप्राइझ आयर्लंड’ ही सरकारी संस्था तीन वर्षांत 10 नोकऱ्या आणि 10 लाख युरोंची विक्री गाठू शकतील अशा कंपन्या निवडते, त्यांत भागभांडवल घेते, आणि परदेशातल्या कार्यालयांतून खरेदीदारांशी गाठ घालून देते. भागभांडवलाचा भाग गोव्यात नको. कोण कुणाचा भाचा यावरच सभागृह गाजेल. पण खरेदीदार ओळखणारा त्या देशातला एक माणूस सहा महिन्यांसाठी मानधनावर नेमणे पॅव्हेलियनपेक्षा नक्कीच कामाचे.

नोकऱ्यांचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक बाब लक्षात घ्यावी. पोर्तुगाल हा सोहळा लिस्बनमध्ये भरवून घेतो तो बाहेरच्या कंपन्या स्वतःकडे ओढायलाही. बाहेरच्या उद्योजकांनी तिथे येऊन कंपनी काढावी म्हणून 2018 पासून त्यांचा स्टार्टअप व्हिसा आहे. म्हणजे आपल्या खर्चाने आपली मुले आपण त्यांच्या दुकानात नेऊन बसवतो. म्हणून मदतीला अट हवी. निम्मी रक्कम निघण्याआधी द्या, सीईच्या चाचण्या आणि वकिलाच्या फीसकट. उरलेली द्या ती परदेशी ग्राहकाचे पैसे गोव्यात नोंदलेल्या कंपनीच्या खात्यात जमा झाल्यावर.