जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

कुठल्याही गाजलेल्या गुन्ह्यात आरोपीला जामीन मिळाला की फेसबुकवर एकच प्रश्न फिरतो, "सोडलाच कसा?" मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन आरोपीला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये एक अट होती 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची. तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला, मीही संतापलो, आणि तो राग योग्यच होता. पण त्या रागाच्या भरात "जामीन देणंच बंद करा" असं लिहिणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे.

जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही. खटला चालूच असतो, तारखेला हजर राहावं लागतं, गुन्हा शाबीत झाला की शिक्षा होते. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्येच सांगितलं. प्रत्यक्षात 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा तेव्हा शाबीतच झालेला नव्हता.

त्यांतही काही जण असे, की कोर्टाने जामीन दिलाय आणि तरी ते आतच आहेत.

हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या शेतात कामाला येणाऱ्या एका माणसाच्या मुलाला मारामारीच्या केसमध्ये अटक झाली. जामीन झाला 15 हजारांचा, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार द्यायचा. मी उभा राहिलो. सातबारा, आधार, फोटो आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला. दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तलाठी निवडणुकीच्या कामात. तोवर पोरगा जिल्हा कारागृहात. शेवटी कोर्टात साहेबांनी मला विचारलं, "आरोपीला ओळखता का? तो आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, माहीत आहे ना?" मी हो म्हणालो आणि तो बाहेर आला. तो बाहेर आला ते माझ्या नावावर जमीन होती म्हणून. ऊसतोडीला गेलेल्या मजुराने, परराज्यातून आलेल्या बिगाऱ्याने सातबारावाला माणूस कुठून आणायचा? मग कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार आणि खोटी रेशनकार्डं उगवतात, आणि त्यापायी खऱ्या जामीनदारावरही संशय घेतला जातो.

सर्वोच्च न्यायालयाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. 10 हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायालयाने हे साफ चुकीचं ठरवलं आणि 1 हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. इतकी वर्षं उलटली तरी तालुका कोर्टात सातबारा मागणं काही थांबलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण गावात राहणाऱ्याला ती जास्त कळते. आरोपी आणि फिर्यादी एकाच गल्लीत राहतात. तो सुटून आला की पारावर बसतो, आणि तिला पाण्याला त्याच वाटेने जायचं असतं. डिसेंबर 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नावमध्ये बलात्काराची फिर्याद दिलेली तरुणी सुनावणीला निघाली असताना तिला वाटेत पेटवून दिलं. तिने ज्यांची नावं घेतली, त्यांत नुकताच जामिनावर सुटलेला आरोपी होता. अशा प्रकरणात जामिनाला कडाडून विरोध करणाऱ्या कुटुंबाला मी कधीच चुकीचं म्हणणार नाही.

पण बघा, या धोक्याचा आणि जामिनाच्या रकमेचा काय संबंध? साक्षीदाराला धमकावणारा माणूस 50 हजारही भरतो आणि 5 लाखही भरतो. रक्कम वाढवली की अडकतो तो सायकलचोर. आरोपी पळेल का, पुरावा नष्ट करेल का, फिर्यादीच्या जिवाला भीती आहे का, हे तपासायला वेळ हवा, पोलिसांचा नीट अहवाल हवा, फिर्यादीचं म्हणणं ऐकायला हवं. ते कष्टाचं काम होत नाही आणि सगळा भार कागदांवर टाकला जातो. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली, पण मी ज्या फिर्यादींशी बोललोय त्यांना असं काही आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यासारख्या कायद्यांत तर जामीन जवळपास अशक्यच करून ठेवलाय. 84 वर्षांचे, पार्किन्सनने आजारी असलेले, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी याच कायद्याखाली अटकेत होते; 5 जुलै 2021 ला मुंबईत कोठडीत असतानाच ते वारले, खटला सुरूही झाला नव्हता. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. किरकोळ आणि पहिल्याच गुन्ह्यात जामीनदार मागूच नका, जातमुचलक्यावर सोडा. जिथे फिर्यादीला भीती आहे तिथे आरोपीला गावबंदी घाला, पोलीस ठाण्यात हजेरीची अट घाला, आणि अट मोडली की त्याच आठवड्यात जामीन रद्द करा.

तुमच्या ओळखीत कुणी जामीन मंजूर होऊनही आत अडकलं असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे गरिबांना वकील मोफत मिळतो. जामिनाच्या आदेशाला महिना झाला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाचा हवाला देऊन जामीनदाराची अट शिथिल करायचा अर्ज त्यांना करायला सांगा. पैशांचीच अडचण असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्यासाठी पैशांची मदत मिळू शकते. तिचीही तिथेच चौकशी करा.