प्लगची अर्थिंग पिन तोडू नका: सबवूफरच्या त्या मेसेजला उत्तर

"छोट्या खोलीत थेटरचा दणका" नावाचा एक मेसेज सध्या आमच्याकडे, वर्धा-यवतमाळच्या खेड्यांतल्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. त्यात सांगितलंय : डीजेचा 15 इंची बेस, म्हणजे सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) घ्या, पाच हजार वॅटच्या खाली बघू नका, तो कोपऱ्यात ठेवा, भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवा आणि घूंऽऽ आवाज आला तर प्लगची मोठी पिन तोडून टाका. माझ्या भाच्याने दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळं मांडलं, आणि पक्कड हातात घेऊन मला फोन केला, "मामा, तोडू का पिन?"

नाही! ती मोठी पिन अर्थिंगची आहे. ॲम्प्लिफायरच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर करंट जमिनीत जायची वाट तीच. ती तोडली की अशा वेळी बॉडी जिवंत होते आणि पावसाळ्यात ओल्या कोब्यावर अनवाणी उभं राहून कोणी बटण फिरवायला गेलं, की वाट त्याच्या अंगातून. आधीच गावात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो, त्यात पाणी टाकायची कोणाला आठवण नसते. म्हणून बोर्डावर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवीच. काही सबवूफरना मुळातच दोन पिना असतात, हे खरं. पण ते डबल इन्सुलेशनचे असतात, मागे चौकोनात चौकोन छापलेला असतो. तीन पिनांचा प्लग तोडून तसा सबवूफर होत नाही.

घूं आवाजाचं मूळ बहुतेकदा दुसरीकडे असतं. सबवूफरची ऑडिओ केबल काढून बघा. तरीही घूं येत असेल तर बिघाड सबवूफरमध्येच आहे, दुकानदाराकडे न्या. थांबला, तर केबल परत लावा आणि सेट-टॉप बॉक्समधून डिशची वायर काढा. आता गेला, तर डिशकडून वेगळी अर्थिंग येते आहे. डिशची वायर परत लावा, सबवूफरच्या ऑडिओ केबलवर आयसोलेटर (आवाज जाऊ देणारा, पण दोन्हीकडची अर्थिंग जोडू न देणारा डबा) बसवा आणि टीव्ही, ॲम्प्लिफायर, सबवूफर एकाच बोर्डावर घ्या.

कोपऱ्याचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. कोपऱ्यात बेस सगळ्यात जोरात वाजतो. पण बारा फुटांवरच्या दोन पक्क्या भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्झचा (सेकंदाला 47 कंपनांचा) खर्ज घुमत राहतो. भिंतीला टेकवलेल्या बाजेवर तो छातीवर बसतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टींनी 2002 मध्ये आयताकृती खोल्यांसाठी हेच तपासलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सबवूफर ठेवले, की सगळ्या जागांवर बेस बराच सारखा येतो, आणि चारच्या पुढे वाढवून खास फायदा नाही. म्हणजे एका राक्षसापेक्षा दोन लहान बरे. एकच परवडत असेल तर तो आधी बसायच्या जागेवर ठेवून गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस गोळीबंद ऐकू येतो, तिथे त्याला ठेवा.

पाच हजार वॅट हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा, त्याला कोणतंही ठाम माप नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद विचारा. ते दुप्पट झालं तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. अंड्याचे ट्रे काढून फेका : 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, दोन इंचांच्या पुठ्ठ्याला ती काय जुमानणार!

स्पीकरचा मोठा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) जास्त हवा ढकलतो, हे खरं. पण डीजेचे बहुतेक बॉक्स 40 हर्ट्झच्या आसपासच थकतात, कारण ते मैदानात गर्दी नाचवायला केलेले आहेत. सिनेमातला गडगडाट त्याच्या बराच खाली जातो. दहा बाय बाराला 10 किंवा 12 इंचांचा बंद पेटीचा घरगुती सबवूफर घ्या, फेजचं बटण (सबवूफरचा आवाज बाकी स्पीकरांशी जुळवायचं) असलेला. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झवर ठेवा. पत्र्याचं छत असेल तर त्याचे स्क्रू आधी आवळून घ्या, नाहीतर प्रत्येक स्फोटाला पत्राच वाजेल.