पाच मिनिटं कुठून आणायची? (बीपीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं असं, की दीडशेच्या ओपीडीत प्रत्येकाला पाच मिनिटं शांत बसवून मग बीपी मोजा, हा माझ्या लेखातला सल्ला पुस्तकी आहे. पाच-दहा पॉइंटनं काही बिघडत नाही. आणि या डिजिटल डबड्यांपेक्षा आपलं पाऱ्याचं मशीन बरं. तुमची नोकरी यवतमाळकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली, मी त्याच भागात उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गर्दी मला नवी नाही.

पण ती पाच मिनिटं डॉक्टरची नाहीतच, बाकाची आहेत. पेशंट तसाही रांगेत ताटकळतो, फक्त उभ्यानं, नाहीतर दारात खर्रा (तंबाखू-सुपारी) चघळत. आम्ही मशीन बाकाच्या टोकाला नेलं. पाठ भिंतीला, पाय जमिनीवर, हात टेबलावर. खर्रा आत्ताच थुंकला असेल तर अर्धा तास मागे बसवते, तंबाखूनं आकडा चढतो. "लवकर घ्या ना जी, काळीपिवळी निघून जाईन," हे रोजचंच. त्याचं बोलणं थांबेपर्यंत बटण दाबत नाही; बोलण्यानंही बीपी वाढतो.

खरा वेळ खाते ती बाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया साडीवर पुऱ्या बाहीचा शर्ट घालून थेट वावरातून येतात. घाईत पट्टा शर्टावरूनच बांधला जातो, नाहीतर बाही वर सरकवली की तिचाच दंडाला फास बसतो. शर्ट काढायला आडोसा लागतो, म्हणून आम्ही दोरीवर चादर टाकली आहे. आणि शर्टातून निघालेला तो दंड इतका बारीक असतो, की नेहमीचा पट्टा सैल पडून आकडा कमी येतो. जाड दंडावर तोच पट्टा आखूड पडतो आणि आकडा फुगतो. आतल्या फुग्यानं दंडाचा साधारण ८० टक्के घेर झाकला पाहिजे. एकाच मापाच्या पट्ट्यावर अख्खं गाव मोजायचं, हे मला तरी पटत नाही.

आता पाच-दहा पॉइंटचं. हात हृदयाच्या पातळीखाली १० सेंटिमीटर लोंबत राहिला, तर आकडा ७-८ नं जास्त येतो. १३६ चा माणूस १४४ चा होतो आणि उच्च रक्तदाबाची १४०/९० ची रेघ ओलांडतो. एका दिवसाच्या आकड्यावर आपण निदान करत नाही, खरं आहे. पण दर खेपेला हात तसाच लोंबत असेल तर दुसऱ्या खेपेलाही तेच दिसणार. मग बीपीची गोळी अम्लोडिपिन सुरू, पुढे डोस वाढतो, पायावर सूज येते, आणि 'गोळी मानवत नाही' म्हणत माणूस ती सोडून देतो. पहिला आकडा जास्त आला तरच मी मिनिटभरानं पुन्हा घेते, सरसकट सगळ्यांचा नाही.

पाऱ्याचं मशीन चांगलंच होतं. पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानं त्याला निरोप दिला, भारतानंही २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण जुनं रजिस्टर काढून बघा: १३०/८०, १४०/९०, १२०/८०. पाऱ्याच्या पट्टीवर दर दोन पॉइंटला रेघ असते, म्हणजे शून्यावर संपणारी नोंद पाचात एखादीच असायला हवी. इथे सगळ्याच तशा, म्हणजे आकडे डोळ्यानं गोल केलेले; डिजिटल डबडं तसं गोल करत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. नाडी अनियमित असेल तर डिजिटलच्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून आधी मनगट धरते, आणि ठोके वेडेवाकडे लागले तर स्टेथोस्कोप लावून मोजायला आणि ईसीजीला वरच्या दवाखान्यात पाठवते.